मेलेल्या पेशी, मुक्या पेशी आणि माझी सव्वातीन वर्षं

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आरपी’ या डोळ्यांच्या आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं आणि पुढचे दोन महिने मी रात्ररात्र जागून इंटरनेट चाळत होतो. संशोधनाचे लेख ढीगभर सापडले. चमत्काराच्या बातम्या त्याहून जास्त. या वाटेनं आधी गेलेला एखादा माणूस मात्र कुठे भेटेना. मी ज्या संशोधन-अभ्यासात भाग घेतला त्यातली शेवटची भेट मागच्या महिन्यात झाली, म्हणून आता हे तारखांसकट लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. माझ्या डोळ्यातल्या पडद्याला जे लागू पडलं ते तुमच्या पडद्याला पडेलच असं नाही, एवढं धरून वाचा.

लहानपणापासून दिवेलागण झाली की मी धडपडायचो. सिनेमाला उशिरा पोचलो तर ताईच्या दंडाला धरून खुर्ची शोधायची. याची इतकी सवय झालेली होती की बाकीच्यांना त्या अंधारात थोडंफार दिसतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. घरच्यांनी मला धांदरट ठरवलं होतं आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं. अडतिसाव्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला गेलो. बाहुली मोठी करून पडदा बघताना डॉक्टर मॅडम नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ गप्प राहिल्या. मग एकामागून एक प्रश्न आले. रात्री चालताना अडखळता का? घरात आणखी कुणाला असं आहे? आईवडील नात्यातले होते का?

पडद्याच्या कडेनं काळे, फांद्या फुटल्यासारखे डाग होते. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी. साधारण चार हजारांत एकाला होणारा आजार. पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात आणि कडेचं बघायला रॉड, ते सुमारे बारा कोटी. रंग आणि बारकावे बघायला कोन, ते साधारण साठ लाख. आरपीत बहुधा रॉड आधी मरतात आणि त्यांच्यामागून हळूहळू कोन जातात. माणसाच्या पडद्यात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या उगवत नाहीत. हे शेवटचं वाक्य मॅडमनी खिडकीकडे बघत सांगितलं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर तपासण्यांत गेले. फिल्ड टेस्टबद्दल, म्हणजे नजर समोर ठेवून आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण तिची धास्ती बऱ्याच जणांना असते. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, नजर मधल्या ठिपक्यावर. आजूबाजूला बारीक दिवे चमकतात आणि दिसला की बटण दाबायचं. मिनिटभर काहीच दिसत नाही तेव्हा घशाला कोरड पडते, कारण यंत्र थांबलेलं नाही हे आपल्याला कळत असतं. मग माणूस न दिसलेल्या दिव्यालाही बटण दाबायला लागतो. तसं करू नका. यंत्र ते पकडतं आणि अख्खी तपासणी बाद होऊ शकते. मला पुढे एका तंत्रज्ञानं शिकवलं की आमच्याकडच्यासारख्या नेहमीच्या यंत्रावर बटण दाबून धरलं तर तपासणी तेवढ्यापुरती थांबते. डोळे मिटा, श्वास घ्या, मग बटण सोडा. हे पहिल्याच वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निकाल असा आला: मधे वीसेक अंशांचं वर्तुळ शाबूत, भोवती जवळजवळ काळोख. दार ओलांडताना चौकटीला खांदा का लागतो, ते त्या कागदावर छापून आलं होतं.

ईआरजीला वीस मिनिटं गडद अंधारात बसवतात, मग डोळ्याला इलेक्ट्रोड लावून प्रकाशाचे झोत टाकतात आणि पडद्यातून उमटणारी वीज मोजतात. दुखत नाही, चुरचुरतं. माझी रॉडची रेघ जवळजवळ सपाट होती. कोनची रेघ लहान आणि उशिरा उठणारी.

त्यानंतरच्या ओसीटीनं मात्र माझी समजूत बदलली. ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद. केक कापल्यावर थर दिसावेत तसे पडद्याचे थर दिसतात. मॅडमनी स्क्रीनवर एक पांढरी रेघ दाखवली. प्रकाशपेशी जिवंत आणि कामात असतील तिथे ही रेघ दिसते. माझ्या चित्रात ती मधोमध होती आणि दोन्ही बाजूंना अर्धवट बांधून सोडलेल्या रस्त्यासारखी तुटलेली होती. मी विचारलं, “म्हणजे रेघेच्या बाहेर सगळं मेलेलं?” त्या म्हणाल्या, “प्रकाशपेशी गेल्यात. पण त्यांच्या आतल्या बाजूचे थर बघा, ते अजून आहेत. निरोप पुढे नेणाऱ्या पेशी बसून आहेत, त्यांना निरोप देणारं कुणी नाही. आणि ही रेघ जिथे तुटते तिथे कडेला काही पेशी अशाही असतील, की जिवंत आहेत पण काम करत नाहीत.”

मेलेली पेशी वेगळी आणि मुकी पेशी वेगळी. दृष्टी परत आणण्याचं जगभरातलं सगळं संशोधन याच फरकावर उभं आहे, हे कळायला मला आणखी वर्ष लागलं. त्या दिवशी मी फक्त ‘बसून आहेत’ एवढंच ऐकलं आणि हुरळून गेलो.

आता नोव्हेंबर २०२२ मधला माझा मूर्खपणा. तोवर मी काय काय वाचलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे मूर्खपणा कुठून आला ते कळेल. झेब्राफिश नावाच्या बोटभर माशाचा पडदा जखमी झाला की त्यातल्या म्युलर नावाच्या आधारपेशी पुन्हा तरुण होतात आणि नव्या चेतापेशी घडवतात. त्याच म्युलर पेशी आपल्याही पडद्यात आहेत, फक्त त्या हे करत नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉम रे यांच्या गटानं २०१७ मध्ये प्रौढ उंदरांत एक जनुक जागं करून, जोडीला एक औषध देऊन, त्या पेशींकडून नव्या चेतापेशी करवून घेतल्या. मी हे वाचलं आणि ‘उंदरांत’ हा शब्द गाळूनच मनात साठवला. मग जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पेशी. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशी मागे नेऊन मूळपेशींसारख्या, म्हणजे ज्यांच्यापासून कुठलीही पेशी घडू शकते अशा, केल्या, पुढच्या वर्षी माणसाच्या, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटानं सप्टेंबर २०१४ मध्ये अशा पेशींपासून पडद्यामागचा थर तयार करून एका बाईंच्या डोळ्यात बसवला. वर्षभरानं त्यांची नजर सुधारली नव्हती, पण घसरलीही नव्हती. त्या प्रयोगातून सुरक्षिततेबद्दल बरंच कळलं. पण मी ज्या बातमीत वाचलं तिचा मथळा ‘अंधांना दृष्टी’ असा काहीसा होता.

अशा मनःस्थितीत मी एका क्लिनिकचा फॉर्म भरला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. पोटाच्या चरबीतून मूळपेशी काढायच्या, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी सोडायच्या, संध्याकाळी घरी. रक्कम अशी की बायकोनं आकडा ऐकून खुर्ची ओढून घेतली. तरीही मी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. सुदैवानं आगाऊ रक्कम भरण्याआधी मॅडमना फोन केला. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला मार्च २०१७ चा एक लेख पाठवला. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्क बायकांनी प्रत्येकी पाच हजार डॉलर भरून अगदी हेच करून घेतलं होतं. चरबीतल्या पेशी, दोन्ही डोळे, एकच दिवस. तिघींचीही होती ती नजर बरीचशी गेली. त्यातल्या काहींना ती जागा नव्या उपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी यादीतूनच सापडली होती.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. खऱ्या चाचणीत भाग घेण्याबद्दल रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागत नाहीत. आणि ज्याला खात्री नाही तो प्रामाणिक माणूस दोन्ही डोळ्यांना एका दिवशी हात लावत नाही. मान्यता मिळालेल्या जनुकउपचारातसुद्धा दोन डोळ्यांच्या शस्त्रक्रियांमध्ये निदान सहा दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलेलं आहे. यादीत नाव आहे म्हणजे कुणी तपासून शिक्का मारलाय, असं समजू नका.

जानेवारी २०२३ मध्ये जनुकचाचणी. आरपी हा एक आजार नाहीच. ऐंशीहून जास्त जनुकांपैकी कुठल्याही एकातल्या बिघाडानं पडद्याचं हेच चित्र तयार होतं. कुठलं जनुक, हे कळल्याशिवाय जनुकउपचाराचं कुठलंच दार उघडत नाही. चाचणीआधी समुपदेशकबाईंनी तासभर घेतला. घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढला. संमतीपत्रात एक प्रश्न होता: डोळ्यांशी संबंध नसलेलं काही गंभीर सापडलं तर कळवायचं का? याचं उत्तर रक्त द्यायला बाही वर केल्यावर देण्यासारखं नाही. आदल्या दिवशी फॉर्म मागवून घ्या आणि घरी बसून ठरवा. खर्चाचं म्हणाल तर तोवरच्या सगळ्या तपासण्या मिळून जेवढा झाला त्याहून ही एक चाचणी महाग पडली. काही संशोधन संस्था आणि रुग्णसंघटनांच्या योजनांतून ती फुकट किंवा सवलतीत होऊ शकते, हे मला नंतर कळलं. तुम्ही आधी विचारा.

आठ आठवडे सांगितले होते, सतरा लागले. मे महिन्यात अहवाल आला तो अर्धवट. जनुक यूएसएच-टू-ए. दोन बदल सापडले होते. एकासमोर ‘रोगकारक’ आणि दुसऱ्यासमोर ‘अर्थ अनिश्चित’. सतरा आठवडे थांबून ‘अनिश्चित’ वाचणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. हा आजार व्हायला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. माझे दोन बदल वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच प्रतीवर, ते आईवडिलांचे नमुने तपासूनच ठरणार होतं. बाबा २०१५ मध्ये गेले. राहिली आई.

आईला समजावताना मी भरपूर तयारी केली होती, आकृत्या काढल्या होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे झालं का तुला?” मी म्हणालो, “अगं, अर्धं.” विनोद करायला गेलो होतो. तो विनोद नव्हता, हे तिच्या तोंडाकडे बघून कळलं. समुपदेशकबाईंनी पुढच्या भेटीत तिला जे सांगितलं ते मी आधीच पाठ करायला हवं होतं: असे बदल प्रत्येक माणसात असतात, तुम्हाला त्यांचा पत्ता लागण्याचं काही कारण नव्हतं आणि तुम्ही काही केलं किंवा केलं नाही म्हणून हे झालेलं नाही. घरच्यांचा नमुना मागायला जाताना शक्य असेल तर समुपदेशकालाच बोलू द्या.

आईत ‘अनिश्चित’ बदल सापडला, दुसरा सापडला नाही. म्हणजे दुसरा बाबांकडून आला असणार आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. सप्टेंबरमध्ये सुधारित अहवाल आला, त्यात ‘अनिश्चित’च्या जागी ‘संभाव्य रोगकारक’ होतं. ताई निरोगी, पण ती वाहक असण्याची, म्हणजे एक बिघडलेली प्रत तिच्याकडेही असण्याची, शक्यता तीनांत दोन. माझ्या मुलीला एक बिघडलेली प्रत माझ्याकडून मिळालेलीच आहे. आजार व्हायला तिच्या आईकडूनही तशीच यायला हवी होती. हे गणित मी कागदावर चार वेळा मांडलं.

याच जनुकामुळे काहींना जोडीला बहिरेपणही येतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये कानांची तपासणी झाली. कान ठीक निघाले. त्या एका दिवशी मी घरी येताना गुणगुणत होतो, असं बायको सांगते.

जनुक कळलं, आता उपचार शोधू, असं मला वाटलं. आणि इथे जनुकाची लांबी आडवी आली. आनुवंशिक अंधत्वावरचा अमेरिकेत मान्य झालेला पहिला जनुकउपचार १९ डिसेंबर २०१७ ला आला, आरपीई-सिक्स्टी-फाइव्ह या जनुकातल्या बिघाडासाठी. त्यामागे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जीन बेनेट, अल्बर्ट मॅग्वायर आणि इतरांची कैक वर्षांची मेहनत आहे. जन्मापासून न दिसणारा लॅन्सलॉट नावाचा ब्रिआर्ड जातीचा कुत्रा या उपचारानं बघायला लागला, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. कुत्र्यापासून मान्यतेपर्यंत सोळा वर्षं. आणि किंमत? दोन्ही डोळ्यांचे मिळून साडेआठ लाख डॉलर जाहीर झाली होती.

उपचारात निरोगी जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात भरून पडद्यामागे सोडतात. आरपीई-सिक्स्टी-फाइव्हची लिपी सुमारे १,६०० अक्षरांची. कवचात मावतात ४,७०० च्या आसपास. माझ्या जनुकाची लिपी १५,६०० अक्षरांची. ट्रंकेत कपाट कोंबण्यातला प्रकार. मोठी जनुकं तुकड्यातुकड्यांनी पाठवून आत जोडण्याचे प्रयोग चालू आहेत. शिवाय माझ्याच जनुकाच्या तेराव्या भागातल्या बिघाडांसाठी एक आरएनए औषध माणसांवर तपासलं जातंय. मी अधाशासारखा माझा अहवाल काढला. माझे दोन्ही बदल तेराव्या भागात नाहीत. म्हणून सांगतो, अहवालावर नुसतं जनुकाचं नाव बघू नका, बदल कुठल्या जागी आहे ती ओळ पाठ असू द्या. ईमेल करताना तीच विचारतात.

नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात अकरा ठिकाणी ईमेल पाठवले. चार उत्तरं आली, पहिलं पाच आठवड्यांनी. सुरुवातीला मी ईमेलमध्ये माझी सगळी कर्मकहाणी लिहायचो. नंतर शहाणा होऊन सहाच ओळी लिहायला लागलो: वय, निदान, जनुक आणि बदल, दोन्ही डोळ्यांची नजर, फिल्ड किती अंश, प्रवास करू शकतो की नाही. उत्तरं त्यानंतरच यायला लागली. एक धोका तेव्हा कुणीतरी लक्षात आणून दिला. एका चाचणीत डोळ्यात काही टोचून घेतलं की पुढच्या चांगल्या चाचणीसाठी तो डोळा बाद ठरू शकतो. मिळेल त्या गाडीत चढायचं नाही.

मला बोलावणं आलं ते गोळीच्या चाचणीसाठी. नाव लिहीत नाही, कागदावर तशी सही केलेली आहे. त्यामागचा विचार मात्र उघड आहे आणि मला तो फार आवडतो. रॉड हे प्राणवायूचे मोठे ग्राहक. ते मेले की तेवढा प्राणवायू पडद्यात शिल्लक राहतो आणि तोच उरलेल्या कोनना गंजवतो. जॉन्स हॉपकिन्समधले पीटर कँपोकियारो वर्षानुवर्षं हे मांडत आले आहेत, आणि एन-ॲसिटिलसिस्टीन या जुन्याच औषधाची त्यावर मोठी चाचणी चालू आहे. म्हणजे गेलेलं परत आणायचं नाही, आहे ते राखायचं. गोळ्या बाजारात मिळतात म्हणून आपल्या मनानं सुरू करू नका. जीवनसत्त्व ‘अ’चं उदाहरण समोर आहे. १९९३ च्या अभ्यासानंतर कित्येक वर्षं ते आरपीत मोठ्या मात्रेत दिलं जायचं. २०२३ मध्ये जुन्या नोंदी जनुकांच्या माहितीसह पुन्हा तपासल्या तेव्हा फायदा दिसला नाही. आणि एबीसीए-फोर जनुकाच्या आजारात तर जास्तीचं ‘अ’ टाळायलाच सांगतात.

मार्च २०२४ मध्ये संमतीपत्र आलं, सत्तावीस पानी. ‘हा उपचार नाही, संशोधन आहे’ हे वाक्य मी मोजलं, सात ठिकाणी होतं. तुम्हाला बिनऔषधाची गोळी मिळू शकते आणि ते तुम्हालाही कळणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. मी समासात पेन्सिलीनं चौदा प्रश्न लिहून नेले. समन्वयकबाईंनी चौदाच्या चौदा उत्तरं दिली, एकदाही घड्याळाकडे न बघता. मनातल्या मनात मी त्यांना नमस्कार केला.

स्क्रीनिंग एप्रिलमध्ये, सलग दोन दिवस. तपासण्या फुकट, प्रवासखर्च पावत्या दिल्यावर सहा आठवड्यांनी मिळाला. सोबत आलेल्या बायकोची रजा मात्र कुणी भरून देत नाही. आणि बाहुल्या मोठ्या केल्यावर एकट्यानं परत जाणं अशक्य, तेव्हा सोबत हवीच. चार मीटरवरच्या तक्त्यावरची अक्षरं आधी, मग अंधारात पाऊणएक तास पडून सर्वांत मंद उजेड कधी जाणवतो ती तपासणी, मग बाकीचं. गडद गॉगल, पाणी आणि जाडसर कपडा न्या. अंधाऱ्या खोल्या गार असतात. अक्षरं वाचताना अंदाज करायची परवानगी असते, किंबहुना तसं करायलाच सांगतात. उजव्या डोळ्यानं मी ६६ अक्षरं वाचली.

तीन आठवड्यांनी फोन आला. बाद.

कारण ऐकून मी गोंधळलो. ओसीटीत पडद्याच्या मध्यभागी सूज होती, पाण्याचे बारीक फुगे. आरपीत हे बऱ्याच जणांना होतं. अशी सूज असताना औषधाचा परिणाम मोजता येत नाही, म्हणून नियमानुसार मी अपात्र. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमकडे अहवाल नेला आणि त्या चक्क खूश झाल्या! माझी नजर जी कमी झाली होती त्यातली थोडी मेलेल्या पेशींमुळे नव्हती, सुजेमुळे होती. डॉर्झोलामाइडचे थेंब, दिवसातून तीनदा. झोंबतात, आणि थोड्या वेळानं घशात कडू चव उतरते. थेंब टाकून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला की कडवटपणा कमी होतो. ऑगस्टमध्ये सूज उतरली होती आणि मी ७२ अक्षरं वाचली. सहा अक्षरं जास्त, म्हणजे तक्त्यावर एक ओळ आणि वर एक अक्षर. चाचणीची भरती तोवर जुलैमध्येच संपली होती.

मग त्याच समन्वयकबाईंनी दुसऱ्या एका अभ्यासाबद्दल विचारलं. औषध नाही, काही टोचणं नाही, फक्त वर्षानं पुन्हा येऊन मोजमाप करून घ्यायचं. आजार आपल्या चालीनं कसा सरकतो याची नोंद नसेल तर उद्या एखाद्या औषधानं त्याची चाल मंदावली की नाही हे ठरवणार कशावरून? पहिली भेट नोव्हेंबर २०२४, दुसरी नोव्हेंबर २०२५. दोन्ही वेळा तोच तक्ता, तोच अंधार, तीच यंत्रं. यातून मला काहीच मिळणार नव्हतं. का कोण जाणे, ‘हो’ म्हणायला एक दिवसही लागला नाही.

शेवटच्या भेटीच्या आधीच्या महिन्यात फोनवर एकच बातमी पंधरा जणांनी पाठवली. ‘चिप आली, आता तुझं काम झालं!’ बातमी खरी होती. स्टॅनफर्डच्या डॅनियल पॅलंकर यांनी कल्पिलेली प्रिमा चिप: दोन मिलिमीटरची, ३७८ ठिपक्यांची, पडद्याखाली बसवायची. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र घेतो आणि अवरक्त किरणांनी चिपवर पाडतो. ३८ जणांना बसवली, वर्षानं ३२ जणांची तपासणी झाली, त्यातल्या २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली. पण ते सगळे उतारवयातल्या, पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या आजाराचे रुग्ण. माझ्याकडे नेमका मध्यच तेवढा शिल्लक आहे. तो उपटून तिथे चिप कोण बसवेल? हे पंधरा जणांना पंधरा वेळा लिहिलं. सोळावा फोन आईचा होता.

चिपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. साठ इलेक्ट्रोडची आर्गस-टू ही आधीची चिप अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाली, आणि काही वर्षांनी कंपनीनं ती बनवणंच थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात ती आहे त्यांनी बिघाड झाला तर जायचं कुणाकडे? डोळ्यात यंत्र बसवून घेणाऱ्यानं डॉक्टरांइतकीच कंपनीचीही चौकशी करावी, एवढं त्यातून घ्यावं.

आरपीसाठी जास्त जवळचं आहे ते ऑप्टोजेनेटिक्स. निरोप नेणाऱ्या ज्या पेशी बसून आहेत असं मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांनाच शेवाळातल्या प्रथिनाचं जनुक देऊन प्रकाश टिपायला शिकवायचं. २०२१ मध्ये जोसे-अलँ साहेल आणि बोटोंड रोस्का यांच्या गटानं ५८ वर्षांच्या एका आरपी रुग्णाबद्दल लिहिलं. त्यांना आधी फक्त उजेड-अंधार कळायचा. इंजेक्शन, खास गॉगल आणि कित्येक महिन्यांच्या सरावानंतर टेबलावरची वही ते हातानं शोधू शकले. यात कुठलं जनुक बिघडलंय याला महत्त्व नाही. माझ्यासाठी हे दार आहे, पण ते उघडायला मला आधी आहे तेवढं सगळं गमवावं लागेल. जनुकउपचाराला जिवंत पेशी हव्यात आणि माझं जनुक कवचात मावत नाही. तिकडे मी उशिरा-लवकरच्या हिशेबातच येत नाही, इकडे फार लवकर आलोय. जास्त दिसतं म्हणून अपात्र ठरणं, यावर हसावं की काय करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नोव्हेंबरच्या भेटीत मी ७१ अक्षरं वाचली. ओसीटीवरची ती पांढरी रेघ वर्षापूर्वी २,४८० मायक्रॉन होती, आता २,३१०. वर्षात १७० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीइतकी. दिवसाला अर्धा मायक्रॉन. हे गणित मी परतीच्या वाटेवर केलं आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आज अजून व्हायचाय.”

निघताना सगळ्या प्रतिमा पेनड्राइव्हवर मागून घेतल्या. छापील सारांश पुरत नाही, मूळ फाइली मागा, त्या देतात. शेवटच्या फॉर्मवर प्रश्न होता: पुढच्या अभ्यासांसाठी संपर्क केला तर चालेल का? हो. पर्यायी संपर्क म्हणून मुलीचा नंबर दिला. ती अठरा वर्षांची झालेली नाही, असं समन्वयकबाईंच्या लक्षात आलं. मग तो खोडून ताईचा लिहिला.